थंडीत सुरू होऊन लगेच बंद पडणारी डिझेल गाडी

डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील निफाडचे तापमान वर्तमानपत्रांत झळकू लागले, की आमच्या तालुक्यातील गॅरेजांमध्ये डिझेल गाड्यांची एक ठरावीक तक्रार येऊ लागते. सकाळी गाडी सुरू होते, काही सेकंद चालते आणि बंद पडते. त्यानंतर बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि एकदा इंजिन तापले की दिवसभर तिचा काहीही त्रास नसतो. यावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ते म्हणजे हीटर प्लग, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणारे विजेचे छोटे हीटर, गेले. माझे ठाम मत आहे, की या लक्षणात हीटर प्लगकडे वळण्याआधी टाकीपासून पंपापर्यंतची डिझेल लाइन तपासली पाहिजे, कारण सुरूच न होणारी गाडी आणि सुरू होऊन बंद पडणारी गाडी यांची कारणे सहसा वेगळी असतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंजिनाचे धातू थंडगार असतील तर ही उष्णता ते शोषून घेतात, म्हणून सुरुवातीच्या काही क्षणांपुरता हीटर प्लग मदतीला असतो. प्लग निकामी झाला तर इंजिन उशिरा पकडते, थरथरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा उग्र वास असतो. मात्र एकदा ते पकडले, की प्रत्येक ज्वलनागणिक सिलिंडर तापत जातो आणि चाल सुधारत जाते. आपल्याकडच्या थंडीत अनेक कॉमन रेल इंजिने, म्हणजे सर्व सिलिंडरसाठी एकाच सामाईक नळीत (रेलमध्ये) डिझेल उच्च दाबाने साठवणारी इंजिने, प्लग बंद असतानाही थोडी कुरकुर करून सुरू होतात.

आमच्या चार सिलिंडरच्या गाडीत नेमके उलटे घडत होते. पहिल्या सेल्फला ती झटकन सुरू होई आणि नंतर बंद पडे. पुढे लांबलचक सेल्फ मारताना मी मागे उभा राहून सायलेन्सर पाहिला, तेव्हा धूर अजिबात नव्हता. ही खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण इंजिन फिरत असताना पांढराही धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये फवारलेच जात नाही असा त्याचा अर्थ होतो. तरीही मेकॅनिकने सांगितले, "दादा, चारही हीटर प्लग बदलून टाकू." मी त्यांना आधी स्कॅनर लावून रेल प्रेशर पाहण्याची विनंती केली. कॉमन रेल इंजिनात सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय इंजिनाचा संगणक इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, उघडतच नाही. आमच्या गाडीत बंद पडण्याच्या क्षणभर आधी हा दाब कोसळताना पडद्यावर स्पष्ट दिसला.

येथे कोणीतरी डिझेल गोठल्याची शंका काढतेच, आणि ती सरसकट उडवून लावण्यासारखी नाही. डिझेलमध्ये मेण असते आणि थंडीत त्याचे स्फटिक होऊन फिल्टर तुंबतो. भारतीय मानकानुसार हा तुंबण्याचा बिंदू हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे पावसाळ्यात टाकी भरून महिनोन् महिने उभ्या ठेवलेल्या गाडीला निफाडची कडाक्याची पहाट बाधू शकते. लडाखची गोष्ट निराळी; तेथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले. पण मेणाने फिल्टर तुंबला तर गाडी रस्त्यावरही ओढत नाही, पिकअप जातो. आमची गाडी तर १२ अंशांच्या सकाळीही बंद पडत होती आणि रस्त्यावर व्यवस्थित धावत होती.

उरली हवा. टाकीत विजेचा पंप नसलेल्या गाड्यांमध्ये इंजिनावरचा पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे चालू गाडीत लाइनमध्ये ओढ असते. अशा लाइनला बारीक फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून गाडीखाली एकही डाग दिसत नाही आणि कोणाला संशय येत नाही. थंडीत रबर कडक होऊन आकसते, डिझेल घट्ट झाल्याने पंपाची ओढही वाढते, आणि उन्हाळ्यात निमूट बसलेली फट उघडी पडते. रात्रभरात लाइनमधील डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते आणि हवेचा फुगा पंपापर्यंत पोहोचला की बंद पडते.

याची खात्री करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा क्लॅम्प लावून जोडणे. आम्ही तो संध्याकाळी जोडला आणि गाडी उघड्यावर ठेवली. पहाटे नळी अर्धी रिकामी होती. सेल्फ मारताच पिवळसर डिझेलमागून बारीक बुडबुड्यांची रांग सरकत आली, मग एक लांब पोकळी आली, आणि इंजिन थांबले. फिल्टर उघडला तेव्हा झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे फट बंद ठेवणारी रबरी कडी, चपटी झालेली, नखाने दाबली तरी दबत नाही इतकी कडक होती आणि एका बाजूला तिला चीर गेली होती. फिल्टर बदलताना जुनीच रिंग पुन्हा बसवली गेली होती. नव्या फिल्टरसोबत नवी रिंग येते. बसवण्याआधी तिला डिझेलचे बोट लावले म्हणजे ती पीळ न पडता बसते.

टाकीत पंप असलेल्या गाड्यांना ही नळीची परीक्षा तितकीशी लागू नाही, कारण तेथे लाइन दाबाखाली असते आणि गळती बाहेर दिसते. त्यांत पंपाचा दाब मोजावा. काळा धूर येऊन गाडी बंद पडत असेल तर उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) पाहावा. हीटर प्लगचीच शंका असेल तर वायर काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. चांगला प्लग साधारण १ ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. जळालेल्यात जोडणीच तुटलेली असते. चारही प्लग अशा रीतीने तपासायला फारसा वेळ लागत नाही, आणि त्यांतील जो गेला असेल तेवढाच बदलता येतो.