सेसना १५२, दोन धिप्पाड माणसं आणि सेडोना: जाणाऱ्यांसाठी खरा हिशेब

निकाल आधीच सांगून टाकतो. बूट-कपड्यांसकट दोघांचं वजन १६० किलोच्या वर जात असेल तर ॲरिझोनातल्या फिनिक्सहून सेडोनाला सेसना १५२, म्हणजे छोटं दोन सीटचं विमान, घेऊन जाऊ नका. सरळ चार सीटची सेसना १७२ घ्या. तासाला चाळीस-पन्नास डॉलर जास्त पडतात, पडू द्यात. आम्ही ते वाचवायला गेलो आणि कुठे कुठे भरले ते पुढे येतंच.

विमान ज्या फ्लाइंग स्कूलकडून घेतलं तिचं नाव लिहीत नाही. फोनवर मी वजनाचा विषय काढला तर पलीकडून उत्तर आलं, "टू-सीटर आहे, दोन मोठी माणसं आरामात बसतात." त्यांच्या छापील तक्त्यात प्रत्येक माणूस १७० पौंडांचा, म्हणजे ७७ किलोचा धरलेला. माझ्या ओळखीत ७७ किलोची माणसं आहेत, पण ती विमान चालवत नाहीत.

मी हेडसेट-बुटांसकट १०८ किलो. सोबत कोल्हापूरहून आलेले दाजी. त्यांनी फोनवर ८५ सांगितलं होतं, हँगरमधल्या काट्यावर ९६ भरले. "पाव्हणं, पायात बूट हाईत की," म्हणाले. बूट अकरा किलोचे नसतात. तेव्हा पहिला सल्ला हाच: पाहुण्याच्या तोंडी वजनावर विमान उडवू नका. घरीच काट्यावर उभं करा, आणि रुसवा-फुगवा झाला तर तोही घरीच उरकून घ्या.

आता आकडे. १५२ चं कमाल वजन १,६७० पौंड. आमच्या वाट्याला आलेलं विमान रिकामं १,१४२ पौंड होतं. हा आकडा प्रत्येक विमानाचा वेगळा असतो, कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुणी रेडिओ बदललेला असतो, कुणी रंगाचे थर चढवलेले असतात. म्हणून माहितीपुस्तकातला आकडा घेऊ नका, त्या शेपटी-क्रमांकाचा कागद मागा. उरले ५२८ पौंड. आम्ही दोघे ४५० आणि पाणी, बॅग वगैरे १२. इंधनाला राहिले ६६ पौंड, म्हणजे ११ गॅलन. टाक्या मात्र काठोकाठ भरलेल्या. वापरता येणारं इंधन साडेचोवीस गॅलन, वजन १४७ पौंड. म्हणजे "आरामात" बसलो असतो तर विमान ८१ पौंडांनी जास्त झालं असतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. दोन्ही सीट शेजारी-शेजारी आणि विमानाच्या तोलबिंदूच्या जवळ असल्यामुळे बॅलन्सचा आलेख सहसा बरोबर येतो. तो बघून लोक मान डोलावतात. तोल बसला म्हणजे वजन बसलं असं नाही. काउंटरवरच्या इन्स्ट्रक्टरनेही मला तोच आलेख दाखवून "यू आर गुड" म्हटलं होतं. वजनमर्यादा मोडून उडणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. सही तुमची असते, काउंटरवरच्या पोराची नसते.

मग सुरू झाला इंधन काढायचा कार्यक्रम. विमानातून काढलेलं इंधन परत ट्रकमध्ये ओतत नाहीत, ते बाद धरतात. आमच्याकडून काढण्याचे साठ डॉलर घेतले. वर, भाड्यात इंधन धरलेलं असूनही, काढलेल्या साडेतेरा गॅलनचे पैसे वेगळे लावले! मी वाद घातला. पाटी दाखवली. पाटीवर खरंच लिहिलेलं होतं, प्रिंटरच्या मागे. सकाळी सहाला निघायचं ते साडेनऊ झाले, आणि मे अखेरच्या ॲरिझोनात साडेनऊ म्हणजे भट्टी पेटलेली असते. बुकिंग करतानाच ईमेलवर लिहून घ्या: "टाकीत ११ गॅलनच्या वर इंधन नको, आदल्या उड्डाणानंतर भरू नका." नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघा. त्या भागात शाळांना तोटा नाही.

केबिनची रुंदी जेमतेम चाळीस इंच. दोघांनी सीट एका रेषेत ठेवली तर खांदे एकमेकांवर चढतात आणि दाराकडच्या कोपराने कडी उघडू शकते. उपाय असा की चालवणाऱ्याने सीट पुढे घ्यायची आणि पाहुण्याने दोन खाचा मागे. विमान जमिनीवर हलवण्याआधी योक, म्हणजे विमानाचं हँडल, पूर्ण मागे ओढून बघा. माझ्या पोटाला लागून तो थांबत होता, पाठीमागची उशी काढली तेव्हा पूर्ण आला. लँडिंगच्या शेवटच्या क्षणी हे कळून उपयोग नाही. सीटचा पट्टा पुरला नाही तर मान्यताप्राप्त जोडपट्टाच मागा, घरून काही आणू नका.

सीटच्या रुळांबद्दल मी हट्टी आहे. सेसनाच्या सीट झिजलेल्या खाचांतून सुटून टेकऑफच्या वेळी मागे घसरल्याचे प्रकार झालेत. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, त्यासाठी १९८७ मध्ये तपासणीचा आदेश काढला आणि २०११ मध्ये तो नव्याने काढला. सीट घसरली की माणूस हातातल्या योकला लटकतो आणि नाक आकाशाकडे जातं. आपलं वजन जास्त, सीट खाचेत अडकवणाऱ्या खिळीवर भारही जास्त. खाचा टॉर्च लावून बघा, सीट लॉक केल्यावर अंग पुढे-मागे जोरात हलवा. दाजींकडून मी दोनदा करून घेतलं.

आता तो टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

आम्ही उडालो तो फिनिक्सचा डीअर व्हॅली विमानतळ १,४७८ फुटांवर आहे. तिथून सेडोना सरळ रेषेत साधारण ७० सागरी मैल. नकाशावर सोपं दिसतं, आय-१७ महामार्ग धरायचा आणि उत्तरेला जायचं. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढे जमीन जी चढायला लागते ती सनसेट पॉइंटपर्यंत थांबत नाही. रस्त्यावर गाड्यांना एसी बंद करायच्या पाट्या आहेत, इंजिन तापतं म्हणून. वर ११० अश्वशक्तीचं इंजिन आणि काठोकाठ वजन घेऊन आमचीही तीच गत. पुस्तकात १५२ चा चढण्याचा वेग मिनिटाला ७१५ फूट लिहिलाय, तो समुद्रसपाटीचा आणि थंड हवेचा. आमची सुई २५० वर, मग १५० वर, आणि डोंगराच्या अंगाला खाली जाणारी हवा लागली तेव्हा शून्यावर. खाली जमीन मात्र इमानाने वर येत होती. तेलाचं तापमान चढलं म्हणून नाक थोडं खाली घ्यावं, तर उंची मिळेना. उंची मिळवावी, तर तेल तापतं. दाजी खाली बघून म्हणाले, "ट्रक आपल्या पुढं चाललाय." चालला नव्हता, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

मी वळलो. दरी अरुंद व्हायच्या आधीच वळायचं, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने मनाशी ठरवून ठेवावं. पश्चिमेला लेक प्लेझंटवर आलो, ७,५०० फूट होईपर्यंत निवांत घिरट्या घातल्या आणि मग उत्तरेला गेलो. तुम्ही हे आधीच करा. महामार्गावर चढत जायचंच नाही, तलावावर चढून घ्यायचं आणि मग महामार्ग ओलांडायचा. तिथे शिकाऊ विमानांची गर्दी असते, डोळे उघडे ठेवा. या घिरट्यांनी एक गॅलन खाल्लं. अकरा गॅलनमध्ये एक गॅलन म्हणजे काय ते उतरल्यावर टाकीत काठी घालून बघितलं तेव्हा समजलं: चार उरले होते, चाळीस मिनिटांचे. दिवसा अर्ध्या तासाचा साठा कायद्याला पुरतो, माझ्या पोटातल्या गोळ्याला पुरला नाही. समोरून वारा असता तर वाटेत कॉटनवूडला उतरावं लागलं असतं. जड माणसं १५२ मध्ये बसतात तेव्हा वजनाची किंमत इंधनातून मोजतात, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. वजन दहा टक्क्यांनी वाढलं की टेकऑफचं अंतर साधारण वीस टक्क्यांनी वाढतं, हेही नसतं. बारामती-धुळ्याच्या उन्हात शिकणाऱ्या आडव्या बांध्याच्या पोरांनीही हाच हिशेब मांडावा.

सेडोनाचे लाल खडक छान आहेत, फोटो सगळीकडे मिळतील. धावपट्टी पठाराच्या माथ्यावर, ४,८३० फुटांवर, लांबी ५,१३२ फूट. विमानांना सूचना देणारा टॉवर नाही. वारा परवानगी देत असेल तर धावपट्टीच्या तीन क्रमांकाच्या दिशेने उतरायचं, ती चढाची आहे, आणि उलट्या, एकवीस क्रमांकाच्या दिशेने उतारावर उडायचं. कड्याजवळ हवा खाली खेचते, त्यामुळे उतरताना किंचित वर राहा.

दोन सीटमध्येच राहायचं असेल तर बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पायपर टॉमाहॉक: कोपरांना जागा जास्त, कमाल वजन तेच १,६७०, म्हणजे फक्त आराम. सेसना १६२: नवी, ऐसपैस, आणि कमाल १,३२० पौंड, आपल्यासारख्या दोघांना टाक्या भरून नेणं जमत नाही. डायमंड डीए-२० सी-१: कमाल १,७६४ पौंड, इंजिन १२५ अश्वशक्तीचं, तिन्हीत हीच बरी. पण तिची सीट सरकत नाही, पेडल सरकतात, आणि योकच्या जागी असलेली दांडी दोन मांड्यांच्या मधे येते. आधी जमिनीवर बसून दांडी चारी बाजूंना फिरवून बघा. शिवाय डोक्यावर काचेचा घुमट आहे, ॲरिझोनाच्या दुपारी त्यात बसणं म्हणजे पापड वाळत घातल्यासारखं.

परतीला दुपारी निघायचा विचार होता. ३० अंशांना तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड ७,८०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे विमान सेडोनात असलं तरी त्याला वाटतं आपण तेवढ्या उंचीवर आहोत. मुक्काम केला आणि पहाटे निघालो, थंडीत उडालो, काही त्रास नाही. शाळेने मुक्कामाच्या रात्रीचे किमान तास भाड्यात लावले, ते गृहीत धरा. टेकऑफआधी मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पातळ करायला, म्हणजे इंधन कमी करायला, विसरू नका, ३,००० फुटांच्या वरच्या विमानतळांवर पुस्तकच तसं सांगतं.

आणि इंधनवाला विचारेल, "टॉप ऑफ?" म्हणजे काठोकाठ भरू का? मान हलवू नका. पंखावर काठी घेऊन उभे राहा आणि गॅलनमध्ये सांगा. आमच्या विमानाला चारवर सात.