आमची वाटचाल : सीटच्या गाळ्यापासून लष्करी मोटरसायकलींपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यातून आज जुन्या लष्करी मोटरसायकली नीट होऊन बाहेर पडत असल्या, तरी मुळात हा गाळा सीट शिवणाऱ्याचा आहे. बाबा रिक्षा, स्कूटर आणि टेम्पोच्या सीटना रेक्झिन चढवत असत. दाभण, आरी आणि मेणदोरा एवढीच त्यांची हत्यारे होती, शिलाई मशीन पुढे हप्त्याने आले. इंजिनाला हात घालण्याचा माझा हट्ट त्यांना फारसा पसंत नव्हता, आणि गंमत अशी की आमच्याकडे पहिली लष्करी गाडी आली ती मागची सीट बसवण्यासाठीच.

ती बीएसए या ब्रिटिश कंपनीची एम२० होती. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाहून अधिक बनलेल्या या मॉडेलमधील ही एक गाडी नौपाड्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या वडिलांनी युद्धानंतर सैन्याच्या टाकाऊ मालातून घेतलेली होती. इंजिन आम्ही आधीच्या कारागिराचे काम तपासून तसेच ठेवले. प्रश्न एवढाच होता की मागच्या चाकावर लोखंडी कॅरिअर होते आणि सरांना काकूंना मागे बसवून येऊरपर्यंत जायचे होते.

आम्ही पहिल्या वेळी जे केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. कॅरिअर काढून आम्ही पट्टीची चौकट थेट मडगार्डच्या पत्र्यावर चार बोल्टने आवळली आणि वर फोमची जाड सीट बसवली. दिसायला काम देखणे झाले. पण दोन महिन्यांत एका बोल्टच्या छिद्रापासून निघालेली चीर मडगार्डच्या कडेपर्यंत गेली. या गाडीला पुढे स्प्रिंगचा गर्डर फोर्क आहे, परंतु मागचे चाक गाडीच्या चौकटीत ताठ बसवलेले असते, तिथे स्प्रिंग नाही. चालकाची सीट पुढच्या टोकाला खिळीवर आणि मागे दोन स्प्रिंगांवर टेकलेली असल्याने त्याला खड्डा सुसह्य होतो. मागचा माणूस मात्र जवळजवळ चाकाच्या आसावरच बसतो, आणि त्याच्या वजनासह प्रत्येक हिसका थेट पत्र्यावर येतो. मडगार्ड आम्ही स्वखर्चाने ठोकून दिले. बाबांनी चिरेवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, "अरे, कापड ताणाच्या बाजूने फाटतं, तसाच पत्रा."

दुसऱ्या वेळी सगळा भार आम्ही गाडीच्या चौकटीवर नेला. मागच्या नळ्यांना रबर गुंडाळून क्लॅम्प बसवले, त्यांवरून उभे आधार घेतले आणि मडगार्डला सीटच्या चौकटीचा स्पर्शही होऊ दिला नाही. मूळ नळीला एकही छिद्र पाडले नाही, कुठे वेल्डिंगही केले नाही, कारण २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा (विंटेज गाड्यांचा) नोंदणी क्रमांक हवा असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. बोल्टांनीही आम्हांला बराच काळ छळले. बाजारातील ८ मिलिमीटरचा बोल्ट या गाडीच्या ५/१६ इंची नटात दोन फेरे छान फिरतो आणि मग आटे खातो, कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांचे 'सायकल आटे' इंचाला २६, म्हणजे बाजारातल्या बोल्टपेक्षा बारीक असतात. तेव्हापासून असे बोल्ट आम्ही लेथवर स्वतःच काढून घेतो.

सीटमध्ये फोम टाकण्याचा मोह टाळून बाबांनी काथ्या आणि घोड्याच्या केसांचे थर दिले, वर धारावीहून आणलेले चामडे ताणले. फोम वर्षभरात बसतो, केस बसत नाहीत, असे त्यांचे मत होते. आणि या बाबतीत मी वाद घालत नाही.

राहिला साडीचा प्रश्न. एम२०ची मागची साखळी डाव्या बाजूला असते, आणि आपल्याकडे बाई एका बाजूला पाय टाकून बसते तीही डावीकडेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसासाठी धरायला दांडी, पाय टेकायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे किमान अर्धे चाक झाकणारे आच्छादन लागते. युद्धातल्या गाडीला साडीगार्ड कुठला असणार? तो आम्ही बारीक सळईचा, ऑलिव्ह रंगात, त्याच क्लॅम्पांना अडकणारा बनवला; चार नट काढले की सीट आणि गार्ड दोन्ही खाली येतात आणि कॅरिअर परत जागेवर जाते.

सगळे झाल्यावर काकू गाळ्यातच उभ्या गाडीवर बसल्या. पदर खोचला, दांडी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "दोन बोटं पुढे घ्या, खांदा ताणतो." दांडी मी सरांना मागे बसवून मापली होती. ती त्याच संध्याकाळी पुढे घेतली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामात मागे कोण बसणार आहे ते विचारून त्या व्यक्तीला माप द्यायला गाळ्यात बोलावतो.