पुरात गेलेली शेरूची कागदं

कुत्र्याची कागदं गेली असतील तर घरभर शोधत बसण्याआधी त्याला डॉक्टरकडे नेऊन चिप (कातडीखाली बसवलेली, ओळख नंबर असलेली बारीकशी वस्तू) स्कॅन करून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगून राहिलो आहे. 23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, नि आमच्या खालच्या खोलीतलं कपाट पाण्यात. आमच्या लॅब्राडोर कुत्र्याची, शेरूची फाईल त्यातच होती, सर्टिफिकेटची शाई पसरून नुसता निळा डाग उरला.

डॉक्टरांनी स्कॅनर त्याच्या खांद्यांच्या मधे हळूहळू फिरवला, पहिले काहीच नाही, मग थोडा डावीकडे नेल्यावर बीप झालं नि स्क्रीनवर पंधरा आकडे आले. मला तर हायसं वाटलं बे! तो नंबर तिथल्या तिथे लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवला. लसींच्या तारखा दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये होत्याच, त्यावरून नवीन कार्डही बनवून दिलं. रेबीजचं कार्ड सगळ्यात आधी करा कारण रेल्वेने न्यायचं असो की बोर्डिंगला ठेवायचं, पहिले तेच मागतात.

आता केनेल क्लबचं, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट. ते ऑफिस चेन्नईला आहे, डुप्लिकेटसाठी त्यांनाच लिहावं लागते, पण त्याआधी त्यांच्या रेकॉर्डला मालक म्हणून नाव कोणाचं आहे ते बघा. पिल्लू घेतल्यावर ते आपल्या नावावर ट्रान्सफर झालंच नसेल तर तिथे अजून ब्रीडरचंच, म्हणजे पिल्लू विकणाऱ्याचंच नाव असते, मग त्याची सही लागते, नि बरेच ब्रीडर पैसे हातात पडले की फोन उचलत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. त्या कागदाच्या नावाखाली जास्तीचे पैसे घेतले ना तुम्ही, मग ट्रान्सफर पण करून द्या. आणि हो, कागद हरवल्याची नोंद पोलिसांच्या साइटवर घरबसल्या होते, ती प्रिंट जवळ असू द्या.

महानगरपालिकेचं लायसन्स मात्र वेगळी गोष्ट आहे. क्लबचा कागद कुत्र्याचे आईबाप कोण ते सांगतो, मनपाला कुत्रा पाळणारा कोण नि लस झाली का हे पाहिजे असते, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

साधं गावठी कुत्रं असेल तर क्लबच्या सर्टिफिकेटची भानगडच नाही, पण चिप त्यालाही बसवा, पुराच्या त्या रात्री आमच्या लेआउटमधली (वस्तीतली) किती जनावरं भेदरून कुठच्या कुठे गेली ते मी पाहिलं आहे.