लेमनग्रासच्या तीन कापण्या, तीन बाटल्या आणि पोर्टलवरचा एक फॉर्म : माझा अनुभव

लेमनग्रासचं (लिंबाच्या वासाच्या गवताचं) तेल विकणार असाल तर प्रत्येक कापणीचं तेल वेगळं ठेवा, वेगळं तपासा आणि रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा. व्यापाऱ्याच्या तोंडी रिपोर्टवर जाऊ नका. सांगायला दोन ओळी लागल्या, पण तो कागद हातात यायला माझा अर्धा हिवाळा गेला आणि त्यातला बराचसा एका खिडकीसमोर उभं राहण्यात गेला. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

आमचं वावर आर्वी तालुक्यात, जंगलाला लागून. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन सगळं करून झालं, पण रोही आणि रानडुकरं काही ठेवतच नाहीत, रात्रभर जागल करायची आणि सकाळी तुडवलेलं पाहायचं. लेमनग्रासला ते तोंड लावत नाहीत, एवढ्या एका गोष्टीसाठी लावलं. जात 'कृष्णा', लखनौच्या सीमॅपची, म्हणजे औषधी-सुगंधी पिकांच्या सरकारी संशोधन संस्थेची. लागवड, स्लिप्स (लावायचे फुटवे), तेल काढायची भट्टी यावर काही लिहीत नाही, ते सोपं आहे, कृषी विज्ञान केंद्रात जा, नीट सांगतात. भट्टी आमच्या गटाची आहे, नंबर लावावा लागतो, तेवढंच.

तर गेल्या वर्षी दुसऱ्या सालाचं पीक होतं. पहिली कापणी पाऊस लागता लागता केली, दुसरी पोळा झाल्यावर थोड्या दिवसांनी. तिसरी मी हिवाळ्यात करणार होतो, पण तेल घेणाऱ्या शेठचा फोन, भाऊ दिवाळीच्या आधी माल पाहिजे, ऑर्डर अडकली आहे, कापा. म्हणलं शेठ, आत्ता तर कापलं, जेमतेम सव्वा महिना झाला, पात अजून कोवळी आहे. तर म्हणे हिरवी दिसते ना, मग झालं. कापलं. तेल निघालं, शेठनं नेलं, आणि दिवाळीनंतर म्हणतो की माल फेल आहे, सायट्रल (लिंबाच्या वासाचा घटक) कमी आणि जिरॅनिऑल (गुलाबाच्या वासाचा) जास्त, तुम्ही यात पामारोसा मिसळलंय, निम्म्या भावानं घेईन.

आता पामारोसा म्हणजे आपलं रोशा गवत, तिखाडी. आमच्या मोठ्या बाबांच्या काळात मेळघाटाकडं जंगलात गाडीभर मिळायचं. त्याचं तेल लेमनग्रासच्या तेलापेक्षा महाग जातं. महागाचं तेल स्वस्ताच्या तेलात मिसळून मी काय कमावणार होतो, हे शेठनं आजपर्यंत सांगितलं नाही. पण तोंडानं भांडून उपयोग नसतो, कागद लागतो. माझ्याकडं बाटल्या होत्या. प्रत्येक कापणीतलं थोडं तेल मी ब्राऊन काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, चिठ्ठी लावून, धान्याच्या खोलीत अंधारात ठेवतो. घरचे हसायचे की काय औषध करून ठेवलंय, पण त्याच बाटल्यांनी मला वाचवलं.

(बाटली काठोकाठ का, तर वर हवा राहिली की सायट्रल हवेनं खराब होतं, उजेडानंही होतं. आणि साध्या प्लास्टिकच्या बाटलीत तर ठेवूच नका, हे तेल काही प्लास्टिकला खातं. जास्त माल असेल तर ॲल्युमिनियमचे कॅन. तेलात पाणी राहिलं असेल तर ते आधी काढा, गढूळ तेल ठेवू नका.)

मग निघालो तपासायला. शहर आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथं गॅस क्रोमॅटोग्राफीचं मशीन आहे, जीसी म्हणतात. तेलाचा थेंबाहून कमी अंश गरम करून वाफ करतात, ती लांब बारीक नळीतून जाते, आणि तेलातला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, कागदावर उंचवटे येतात. मशीनचं काम तासाभराच्या आत होतं. माझा जो वेळ गेला तो मशीनपर्यंत पोचण्यात गेला.

नमुना द्यायचा तर आधी पोर्टलवर फॉर्म. शेतकऱ्याचं नाव, आधार, सातबारा, पीक, पिकाचा भाग, बस्स. कितवी कापणी हा रकानाच नाही. मी पहिला नमुना टाकला, गेला. दुसरा टाकला तर लाल अक्षरात आलं, 'याच शेतकऱ्याचा याच पिकाचा नमुना आधीच नोंदवलेला आहे'. खिडकीवर विचारलं, तर तिथला पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, काका एकच होतो, डुप्लिकेट घेत नाही सिस्टीम. म्हणलं बापा, डुप्लिकेट कुठलं, हे जूनचं तेल, हे सप्टेंबरचं, हे ऑक्टोबरचं, तीन वेगळे आहेत म्हणूनच तर आणलेत. तो म्हणे, पीक एकच आहे ना? मग तेल एकच.

हे ऐकून माझं डोकंच सटकलं, कारण नेमकं हेच तर खोटं आहे, आणि हे त्या खिडकीच्या मागं बसलेल्यानं म्हणावं! वावरात एकदा उभं राहून पाहिलं असतं तरी कळलं असतं. कापल्यावर ठोंबातून नवी पात फुटते, पहिल्या आठवड्यात ती बोटाएवढी, पोपटी, हातात चुरगाळली तर वास येतो पण तो लिंबाचा कमी आणि गुलाबाकडं झुकणारा जास्त. तोच ठोंब दोन महिन्यांनी पाहा, पात गडद, कडा हाताला कापणारी, आणि चुरगाळली की लिंबाचा वास नाकात घुसतो. कारण असं की पातीत आधी जिरॅनिल ॲसिटेट आणि जिरॅनिऑल जास्त असतं, पात जून होत जाते तसं ॲसिटेटचं जिरॅनिऑल होतं आणि जिरॅनिऑलचं सायट्रल. हे काम पातीच्या आत विकरं (एन्झाइम) करतात आणि त्यांना वेळ लागतो. तुम्ही सव्वा महिन्यात विळा घातला की काम अर्ध्यावर सुटतं. मग रिपोर्टात जिरॅनिऑल जास्त दिसणारच, त्याला भेसळ कशाला करावी लागते.

आणि हे फक्त लेमनग्रासचंच आहे असं नाही. पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं, पान पिकत गेलं की त्याचं मेंथॉल होतं. पानात तेल तयार होण्याचा मुख्य काळच पान साधारण १२ ते २० दिवसांचं असताना असतो. रोशाचं उलटं, त्याला फुलोरा येऊ द्यावा लागतो, तेलाचा मोठा हिस्सा फुलोऱ्यात असतो. म्हणजे किती वेळा कापलं यापेक्षा कापल्यावर किती दिवस दिले, कुठल्या मोसमात दिले, हे तेल ठरवतं. त्यात पावसाळ्यातली पात पाणचट, माल भारा भारा निघतो आणि तेलाचं प्रमाण कमी, उन्हाळ्यातली थोडी पण तेलाची. हे मी त्या पोराला खिडकीतून सांगत होतो आणि माझ्या मागं माती परीक्षणवाले चार जण उभे राहून ऐकत होते, त्यातला एक म्हणे काका, आम्हाला पण जाऊ द्या.

बरं, आत मॅडम होत्या, त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, काका तुमचं बरोबर आहे, पण सिस्टीममध्ये फील्ड नाही, मी काही करू शकत नाही. मग उपाय सुचवला तोही त्या पोरानंच, दुसऱ्याच्या नावानं टाका. म्हणजे माझंच तेल, पण कागदावर आईचं आणि मोठ्या आईचं. सातबारा सामाईक असल्यानं जमलं. पण आधारला लिंक असलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि आईचा जो नंबर लिंक आहे तो फोन कधीचा बंद पडलेला. मग सेतू, मग नवीन नंबर लिंक होण्याची वाट, मग मोठ्या आईला फोन, काकी ओटीपी सांगा, त्या म्हणतात बँकवाले सांगतात कोणाले सांगू नका. बरोबरच आहे त्यांचंही. शेवटी गाडीवर बसवून खिडकीपर्यंत आणलं.

त्या दोघींच्या नावानं नमुने गेले, तर चार दिवसांनी कळलं की मशीनच्या वायूचं सिलिंडर संपलंय, आलं की फोन करू. फोन कोणी केला नाही. मीच करत राहिलो, दर वेळी पलीकडून 'प्रोसेसमध्ये आहे'. आणि माझ्या बाटल्या कुठं ठेवल्या होत्या, तर खिडकीच्या फळीवर, दुपारचं ऊन सरळ त्यांच्यावर. मी ओरडलो तेव्हा आत नेल्या. तपासायला दिलेला नमुना तपासायच्या आधीच खराब केला तर त्या रिपोर्टाला काय अर्थ राहतो? म्हणून जाताना बाटलीला वरून ॲल्युमिनियम फॉईल गुंडाळून न्या आणि तितकंच तेल घरी शिल्लक ठेवा.

रिपोर्ट शेवटी आले. मी घाईघाईनं पाहिलं, तर त्यात सायट्रल हा शब्दच नाही! मला वाटलं गेलं सगळं. मग मॅडमनी दाखवलं, नेराल आणि जिरॅनियल या दोन ओळी असतात, त्यांची बेरीज म्हणजे सायट्रल. तर बेरीज केली. जूनची आणि सप्टेंबरची बाटली ७५ टक्क्यांच्या वर. ऑक्टोबरची सत्तरच्या खाली, आणि जिरॅनिऑल व जिरॅनिल ॲसिटेट दोन्ही वाढलेले. भेसळ असती तर फक्त ऑक्टोबरमध्येच आणि नेमकी कापणी घाईत झाली तेव्हाच कशी झाली असती? मॅडमनी रिपोर्टच्या मागं पेनानं लिहून दिलं की असा बदल कोवळ्या पातीमुळं होऊ शकतो. शिक्का मात्र मारून दिला नाही, त्याला फील्ड नाही.

शेठला तिन्ही रिपोर्ट दाखवले, सोबत त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज, 'दिवाळीपूर्वी कापा'. शेठ बराच वेळ कागद उलटसुलट करत बसला. निम्म्याऐवजी चाराणे कापून घेतो म्हणाला. जूनचं-सप्टेंबरचं त्याला दिलं नाही, ते दुसऱ्याला पूर्ण भावानं गेलं. ऑक्टोबरचं त्याच्याच भावात सोडलं, कारण ते साठवून त्याचं सायट्रल वाढणार नव्हतं. भांडण जिंकलो असं मी तरी समजतो, गटातले म्हणतात पेट्रोल किती गेलं ते मोज.

आठवेल तसं सांगतो. दोन कापण्यांत साठ-सत्तर दिवस द्या, हिवाळ्यात वाढ मंद असते, तेव्हा जास्तच. जमिनीपासून चार-पाच बोटं सोडून कापा, खालून खरडलं तर ठोंबाची ताकद जाते. प्रत्येक कापणीनंतर नत्र आणि पाणी द्या, कारण पानासोबत तेवढं वावरातून जातं. चार-पाच वर्षांनी ठोंब थकतात, तेल कमी पडतं, तेव्हा नवी लागवड. रिपोर्ट मागताना 'फक्त सायट्रल' नाही, 'पूर्ण प्रोफाईल' असं फॉर्मवर लिहून मागा, फी थोडी जास्त पडते. बाटलीवर कापणीची तारीख आणि आधीच्या कापणीची तारीख दोन्ही टाका, नुसतं 'तिसरी कापणी' लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. आणि व्यापारी घाई करत असेल तर ती घाई मेसेजमध्ये लिहून घ्या, फोनवर नाही.

पोर्टलवर कापणीचा रकाना अजून आलेला नाही, मी परवा पुन्हा पाहिलं. यंदा दोघींचे आधार आधीच लिंक करून ठेवलेत.