कूलरच्या खोलीतली ऑर्बिफोलिया: नागपूरच्या उन्हाळ्याची नोंद

विदर्भात कॅलाथिया, म्हणजे नक्षीदार पानांची ही घरातली कुंडीतली झाडं, टिकत नाहीत, असं नर्सरीवाले सरसकट सांगतात. त्यातलीच एक, माझी ऑर्बिफोलिया, याही उन्हाळ्यातून निघाली, आणि भर मे महिन्यात तिने नवी पानं काढली. म्हणून ही नोंद, मुख्यतः कूलरवाल्या गावांतल्या मंडळींसाठी.

ही मूळची बोलिव्हियाच्या दमट जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. २०१२ मध्ये बहुतेक कॅलाथिया गोपर्टिया या प्रजातीत गेल्या, पण नर्सरीत अजून जुनंच नाव चालतं.

आपण सगळे मे महिन्याला घाबरतो. माझ्या मते खरी परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत असते. दुपारी खोलीतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते, पण रात्री गारवा असल्याने कूलर अजून माळ्यावरच असतो. पानांच्या कडा याच दिवसांत करपतात आणि लाल कोळी ही बारीक कीडही याच दिवसांत येते. पान उलटं करून मधल्या शिरेलगत बघायचं: बारीक फिकट ठिपके, आणि उजेडाकडे धरलं तरच दिसेल इतकं तलम जाळं. मी या काळात दर आठवड्याला ओल्या मऊ फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसते. जाळं दिसलंच तर संध्याकाळी निंबोळी तेलाची हलकी फवारणी, तीही आधी एका पानावर करून बघून.

नुसतं पाणी फवारून आर्द्रता वाढते, हे मला पटत नाही. आर्द्रतेचा मीटर शेजारी ठेवून बघा. आकडा चढतो आणि थोड्याच वेळात मूळ जागी येतो.

कूलर सुरू झाला की चित्र पालटतं. बाहेरची हवा जितकी कोरडी, तितकं ताट्यांमधलं पाणी जास्त उडतं. म्हणूनच बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असताना माझ्या खोलीत मीटर ५५ ते ६० दाखवत होता. एसीच्या खोलीत याच्या उलट, हवा आणखी कोरडी होते. फक्त कुंडी झोतात नको. कूलर ज्या खिडकीत आहे त्याच भिंतीलगत, पण बाजूला ठेवली की झोत तिच्यासमोरून निघून जातो आणि ओलावा तेवढा मिळतो. उजेड पूर्वेच्या खिडकीचा, पातळ पडद्याआडून.

कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र कुंडीत कधीच घालू नका. पाणी उडतं, क्षार टाकीतच साठत जातात. ताट्यांवर चढणारा पांढरा थर तोच. आमच्या बोअरचं पाणी आधीच जड आहे. मी आरओचं गाळलेलं पाणी देते, पावसाळ्यात गच्चीवर धरलेलं. मातीत धुतलेलं कोकोपीट, पर्लाइट, कोळशाचे तुकडे आणि थोडं गांडूळखत. वरचा थर बोटाला कोरडा लागला की पाणी.

मे महिन्यातला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं नवं पान, मी रोज न्याहाळला. केळीसारखाच घट्ट गुंडाळलेला, पण फिकट पोपटी. मार्चमधला पोंगा कडेला चिकटून राहिला होता आणि उघडताना पान फाटलं. हा मात्र वरून सैल होत अलगद सुटला. पान अखंड, चंदेरी पट्टे अगदी कडेपर्यंत गेलेले. पानाच्या बुडाशी, देठ संपतो तिथे एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींत पाणी भरतं-ओसरतं आणि पान रात्री उभं राहतं, दिवसा आडवं होतं. भरदुपारी पानं आत वळलेली दिसली, तर मी आधी माती तपासते.

पाऊस लागल्यापासून कूलर बंद आहे, पाणी निम्म्यावर आणलंय. जुलैत कुंडी फोडून कंद वेगळे करणार आहे. हळद आणि केळी याच गणातल्या, आरारूट तर थेट याच कुळातलं, त्यामुळे कंदावरून वाटणी करणं सोपं जातं. प्रत्येक वाट्याला दोन-तीन पानं आणि भरपूर मुळं हवीत. नव्या कुंड्यांवर पहिले काही आठवडे पारदर्शक पिशवी घालीन.

त्यातला एक वाटा येत्या फेब्रुवारीत झाकण असलेल्या काचेच्या टाकीत ठेवायचा विचार आहे. अकोला, चंद्रपूरकडे कुणी होळीआधीचे दिवस असे काढले असतील, तर टाकीत बुरशी येऊ नये म्हणून झाकण किती वेळ उघडं ठेवता, ते नक्की लिहा.