तुझं झालं, मग आमचं का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. "स्वतःच्या मायक्रोवेव्हचं पॅनल घरच्या घरी दुरुस्त केलंस, मग आमचं करून द्यायला काय होतं?" सोसायटीत, लग्नकार्यात, फोनवर, सगळीकडे हेच. मी भाव खाते असंही म्हणून झालं.

काम किरकोळच होतं. 4, 5, 6 आणि स्टॉप, एवढीच बटणं मेली होती. म्हणजे दोष बटणांत नाही, चौघांना सिग्नल नेणाऱ्या सामाईक रेघेत. रिबन केबल सॉकेटमध्ये शिरते तिथेच ती काळी पडून तुटली होती. शेजारच्या कुकरची वाफ, दुसरं काय! लॅमिंग्टन रोडवरून कंडक्टिव्ह सिल्व्हर पेंट, म्हणजे वीज वाहून नेणारा रंग, आणला, टूथपिकने रेघ सांधली, मल्टिमीटर वाजला, म्हणजे जोड लागला. मेकॅनिक मात्र "पॅनल येत नाही आता, नवीन घ्या" म्हणून मोकळा झाला होता.

पण त्या रेघेपर्यंत जायला अख्खं कव्हर काढावं लागतं. कीपॅडचा कारभार 5 व्होल्टचा, आणि त्याच्या मागेच हाय व्होल्टेज कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे दोन हजारांच्या आसपास नेतो, ते तिथे साठतं. प्लग मी सकाळीच काढला होता. चार्ज निचरायला कपॅसिटरच्या आत रेझिस्टर असतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो रिकामा असायला हवा. भाचा मोबाइलचा टॉर्च धरून उभा. दहावीतला पोरगा, प्रश्नांची सरबत्ती. "मावशी, हा चंदेरी डबा कसला गं?" म्हणत त्याने बोट पुढे केलं. मी मनगट धरून मागे खेचलं. तो चिडला, "प्लग काढलाय ना!" मी इन्सुलेटेड मुठीचा स्क्रूड्रायव्हर कपॅसिटरच्या दोन्ही टोकांवर आडवा टेकवला.

फाडकन आवाज झाला. ठिणगी उडाली, पात्यावर तांदळाच्या कणीएवढा खड्डा. आतला रेझिस्टर कधीच गेला होता. भाचा त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवत राहिला, बोलला काहीच नाही.

आता मी तुमच्याकडे कव्हर उघडलं की उद्या तुमचा मुलगा माझं बघून उघडणार. म्हणा घाबरट. "वस्तू टाकू नका, उघडून बघा" हे मीच वर्षानुवर्षं सांगत आलेय, आणि मेकॅनिक चूकच होता असं अजूनही म्हणते. मग स्वतःचा उघडते आणि तुमचा नाही, हे कसं? तुम्हाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

यंदा पावसात आमचं स्टॉप पुन्हा अडतंय. भाचा तयारच आहे. मी नव्या ओव्हनच्या किमती बघते, आणि त्या बघून पुन्हा कव्हरच्या स्क्रूंकडे.