रॅमच्या खोक्यावरचा आकडा आणि चॅनेलची भानगड

मालवणात स्कूबाचा सीझन सुरू झाला की माझ्या मावसभावाचाही सीझन सुरू होतो, कारण पाण्याखालचे सगळे गोप्रोचे व्हिडिओ एडिटला त्याच्याकडे येतात आणि पर्यटकांना ते गाडीत बसायच्या आधी मोबाईलवर हवे असतात. यंदा त्याने नवीन लॅपटॉप घेतला, रॅम डीडीआर५-५६०० (प्रकार आणि वेग), १६ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आणि मग मला फोन, "दादा, जुनो डबो ह्याच्यापरास बरो चलता, ह्यां कसां काय?"

मी एवढंच विचारलं की आत रॅमच्या स्टिक (पट्ट्या) किती आहेत. एक. झालं, इथेच उत्तर मिळालं.

हिशोब अगदी पाचवीतल्या गुणाकाराचा आहे. रॅमच्या नावापुढचा आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा हलतो ते. चॅनेल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला डेटाचा रस्ता, एका स्टिकला एक धरा. एका चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे दरवेळी ८ बाइट. ५६०० गुणिले ८ केलं की ४४.८ जीबी/सेकंद, हीच बँडविड्थ. आता त्याचा जुना डबा डीडीआर४-३२०० चा, पण दोन स्टिकवाला. एका चॅनेलचे २५.६, दोन्ही मिळून ५१.२. म्हणजे कागदावर सुद्धा जुनाच पुढे! आपल्या कोकण रेल्वेचंच बघा ना, गाडी कितीही फास्ट आणा, सिंगल लाइन असेल तर क्रॉसिंगला थांबावंच लागतं, रोहा ते वीर लाइन डबल झाली तिथे तेवढं सुटलं.

यावर दुकानवाल्याचं उत्तर काय, तर "डीडीआर५ आतूनच ड्युअल चॅनेल असते." हे अर्धसत्य फार पसरलंय म्हणून जरा थांबून सांगतो. डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये दोन सब-चॅनेल असतात हे खरंय, पण ते ३२-३२ बिटचे, बेरीज परत ६४ च! फायदा असा की दोन वेगळ्या रिक्वेस्ट स्वतंत्रपणे हाताळता येतात, आणि बर्स्ट लेंग्थ (एका मागणीला सलग किती वेळा डेटा येतो ते) ८ वरून १६ केली असल्यामुळे प्रत्येक सब-चॅनेल एका फटक्यात ६४ बाइटची कॅश लाइन, म्हणजे प्रोसेसर एकावेळी उचलतो तेवढा तुकडा, आणतो. हुशार डिझाइन आहे, वाद नाही, पण त्याने एका स्टिकच्या दोन होत नाहीत. दुसरी तशीच स्टिक टाकली की सरळ ८९.६.

आणि हे त्यालाच एवढं का जाणवलं? कारण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून ओढतं, त्यामुळे एडिटची टाइमलाइन मागेपुढे करताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची ओढाताण. वेगळं कार्ड असतं तर त्याची मेमरी वेगळी असती, उदा. १२ जीबीवाल्या आरटीएक्स ३०६० वर जीडीडीआर६ आहे, १९२ बिट बस, ३६० जीबी/सेकंद. तिथे सिस्टिम रॅमचा फरक एवढा दिसत नाही.

लेटन्सीचं, म्हणजे डेटा मागितल्यावर तो यायला लागणाऱ्या वेळेचं, भांडण मात्र मला थोडं फुकटचं वाटतं. सीएल म्हणजे त्यासाठी घड्याळाचे किती ठोके थांबायचं, आणि सेकंदाला ठोके रॅमच्या आकड्याच्या निम्मे. सीएल१६ ची ३२०० आणि सीएल३० ची ६००० दोन्ही १० नॅनोसेकंदच येतात, करा हिशोब. सुरुवातीच्या सीएल४० वाल्या ४८०० च्या स्टिक खरंच सुस्त होत्या, १६ नॅनोसेकंदांच्या वर, त्यामुळे ते बदनाम नाव अजून चिकटलंय.

रुंदीची ताकद बघायची तर अ‍ॅपलकडे बघा. त्यांच्या एम१ चिपमध्ये एलपीडीडीआर४एक्स (कमी वीज खाणारी रॅम), १२८ बिट, ६८ जीबी/सेकंदाच्या आसपास, एम४ मध्ये एलपीडीडीआर५एक्स, रुंदी तेवढीच पण १२०, आणि एम२ अल्ट्राने बस १०२४ बिटची केली तर थेट ८००. रॅम साधारण मोबाईलच्याच जातीची, फक्त रस्ता रुंद! एनव्हिडियाच्या एच१०० या एआयच्या कार्डावरची एचबीएम (एकावर एक थर रचलेली मेमरी) तर थरांच्या एका गठ्ठ्यालाच १०२४ बिट देते, म्हणून ते ३.३५ टीबी/सेकंदाला जातं, पण ती चिपच्या शेजारी सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवावी लागते, खर्च विचारू नका. उलटा प्रयोगही झालाय, पेंटियम ४ च्या सुरुवातीला रॅम्बसची आरडीरॅम होती, १६ बिटचा अरुंद चॅनेल आणि ८०० चा स्पीड, चॅनेलमागे १.६ जीबी, महाग आणि गरम, मग स्वस्त डीडीआरने तिला बाजारातून घालवली.

घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी तर हा आकडा पाठच करावा. ५ जीबीचं मॉडेल असेल तर प्रत्येक टोकनला (उत्तरातल्या शब्दाच्या तुकड्याला) ते जवळपास पूर्ण वाचावं लागतं, म्हणजे ४४.८ वर सेकंदाला जेमतेम ९ टोकन, ते पण कागदावर, कारण पूर्ण बँडविड्थ प्रत्यक्षात कधीच मिळत नाही.

तर भावाला सांगितलं, दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये बघ आणि तसलीच १६ ची टाक. तुम्हीपण घ्यायच्या आधी विचारा, कारण एलपीडीडीआर बहुतेक लॅपटॉपला बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर काही करता येत नाही. आणि सीपीयू-झेड (रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघणार असाल तर डीडीआर५ ला "२ गुणिले ३२ बिट" दिसलं म्हणून खूश होऊ नका, ती एकच स्टिक. तिथे ४ गुणिले ३२ दिसायला हवं.